रांग आधी कोण मोडतो?

मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०२० सालच्या सुरुवातीला एका प्रयोगाची चित्रफीत प्रसिद्ध केली होती. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता, वांद्रे अशा काही ठिकाणच्या सिग्नलांना आवाज मोजणारी यंत्रे जोडली होती. लाल दिव्यापाशी हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला, की सेकंदांची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. त्या प्रयोगाचे देशभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते, कारण विनाकारण वाजणाऱ्या हॉर्नवर एवढ्या साध्या रीतीने कोणी बोट ठेवले नव्हते. तरीही त्यातली एक गोष्ट तेव्हापासून माझ्या मनात घोळत राहिली आहे. हॉर्न वाजवणाऱ्याला आणि हाताची घडी घालून शांत बसलेल्याला त्या शिक्षेत सारखेच थांबावे लागत होते. नियम पाळणाऱ्याच्या पदरात नियम पाळल्याचे काहीच पडत नव्हते, आणि असे चार-सहा वेळा झाले की पाळणाराही पाळणे सोडून देतो.

निवृत्त माणसाला सकाळी वर्तमानपत्र सावकाश वाचता येते आणि संध्याकाळी रस्ता सावकाश पाहता येतो. गेली काही वर्षे या दोन्हींत मला विलक्षण साम्य दिसू लागले आहे. रस्त्यावर प्रत्येकाला आधी निघायचे असते. वर्तमानपत्रात प्रत्येक सत्ताधीशाला प्रश्नाचा निकाल आजच्या आज लावायचा असतो. माझ्या वयाची मंडळी याचा खुलासा एका वाक्यात करून टाकतात, की हल्लीच्या लोकांना धीर उरलेला नाही. मला हा खुलासा पटत नाही. अधीरपणा हा स्वभावाचा बिघाड मानला, की उपदेशाखेरीज दुसरा उपाय उरत नाही, आणि उपदेशाने आजवर ना रस्ते सुधारले ना राष्ट्रे. माणूस असो वा देश, आपली पाळी येणार याची खात्री असेपर्यंत तो थांबतो, असे माझे म्हणणे आहे. आणि ही खात्री मोडण्याचे काम बहुतेक वेळा रांगेतले शेवटचे लोक करीत नाहीत, ज्यांना रांगेत उभे राहण्याची गरजच वाटत नाही असे बलवान लोक करतात.

माझ्या तरुणपणी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, स्कूटरची नोंदणी मुलगा शाळेत असताना केली तर तो नोकरीला लागल्यावर स्कूटर दारात येई, गॅसची शेगडी मिळणे हा घरातला सोहळा असे. त्या दिवसांचे आता फार गुणगान होते. ते मला खरे वाटत नाही, कारण ते थांबणे नाइलाजाचे होते आणि ज्याची वरपर्यंत ओळख होती त्याला तेव्हाही थांबावे लागत नव्हते. पण त्याच काळात, त्याच शहरात, बेस्टच्या थांब्यावर अनोळखी माणसे पोलिसावाचून एकामागे एक उभी राहत, आणि बाहेरगावचे पाहुणे ते दृश्य नवलाने पाहत. मुंबईकर जात्याच शिस्तीचा होता म्हणून ते घडत नव्हते, कारण तोच मुंबईकर दादरच्या फलाटावर गाडी थांबायच्या आत दांडीला लोंबकळत आत शिरत होता. बसच्या रांगेत कंडक्टर पुढच्याला आधी घेई आणि मागून आणखी एक बस येई, एवढा त्याचा अनुभव होता. लोकलच्या दाराशी असा कोणताही अनुभव त्याला आला नव्हता. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दोन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत रूळ ओलांडताना मेलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. त्या माणसांना दोन मिनिटांची किंमत जिवापेक्षा जास्त वाटत होती असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. ही गाडी चुकली तर पुढच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळेल, असे त्यांना छातीठोकपणे सांगणारे कोणी नव्हते.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे थांबणारी माणसे मला जवळून पाहता आली. संगणक येण्यापूर्वी पैसे काढायला आलेल्या ग्राहकाला काउंटरवर एक पितळी टोकन मिळे. ते हातात आले की माणूस बाकावर जाऊन बसे, वर्तमानपत्र उघडे, शेजाऱ्याशी पावसापाण्याच्या गोष्टी करी. त्याचा चेक लेजरवरून अधिकाऱ्याकडे आणि तिथून कॅशियरकडे जाईपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जाई, पण कोणी आवाज चढवीत नसे. मात्र एखाद्या दिवशी मोठा खातेदार थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये जाई, चहा घेई आणि टोकनावाचून रोकड घेऊन बाहेर पडे, तेव्हा पाच मिनिटांच्या आत सगळे बाक रिकामे होत आणि काउंटरभोवती कोंडाळे जमे. माणसे तीच, काम तेवढ्याच गतीने चाललेले. फक्त हातातल्या आकड्याला आता अर्थ नाही हे त्यांना कळलेले असे. त्या गर्दीला बेशिस्त ठरवणारे सहकारी मला भेटले, पण केबिनमधल्या माणसाला बेशिस्त म्हणणारा मात्र क्वचितच भेटला.

जगाचे राजकारण मला बँकेच्या त्या हॉलपेक्षा फार वेगळे वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रे, निरनिराळे निरीक्षक, लवाद आणि करार यांची जी व्यवस्था उभी राहिली, ती देशांना एवढेच सांगण्यासाठी होती, की तुमच्या तक्रारीला आकडा मिळाला आहे, तिची पाळी येईल, तोवर हत्यार उचलू नका. ही व्यवस्था संथ होती, पक्षपातीही होती, कारण पाच बड्या देशांच्या हाती नकाराधिकार होता. तरीही तिच्यावर विसंबून कित्येक देशांनी कित्येक भांडणे लांबवली, आणि लांबलेल्या भांडणात माणसे जिवंत राहतात.

या व्यवस्थेला अलीकडच्या काळातला सर्वांत खोल तडा इराकमध्ये गेला असे मी मानतो. नोव्हेंबर २००२ मध्ये सुरक्षा परिषदेच्या पंधराही सदस्यांनी इराकने आपल्या शस्त्रांची तपासणी होऊ द्यावी असा ठराव एकमताने केला आणि त्याच महिन्यात शस्त्रनिरीक्षक इराकमध्ये परतले. त्यांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी ७ मार्च २००३ रोजी परिषदेला सांगितले, की उरलेल्या तपासाला वर्षे लागणार नाहीत, आठवड्यांत तो पुराही होणार नाही, काही महिने लागतील. मागणे एवढेच होते, काही महिन्यांचे. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बगदादवर अमेरिकेचे बॉम्ब पडू लागले. १ मे रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी विमानवाहू नौकेवरून मुख्य लढाई संपल्याचे जाहीर केले आणि अमेरिकी सैन्य शेवटी बाहेर पडले ते डिसेंबर २०११ मध्ये. ज्या संहारक अस्त्रांच्या नावाने हे सारे केले, त्यांचे साठे कधीच सापडले नाहीत. काही महिने वाचवण्यासाठी पावणेनऊ वर्षे आणि अगणित इराकी माणसे खर्ची पडली, हा हिशेब कोणत्याही लेजरमध्ये बसणारा नाही. वाजपेयी सरकारने जुलै २००३ मध्ये इराकमध्ये भारतीय सैन्य पाठवायला नकार दिला. त्या वेळी आपल्याकडचेही काही विद्वान त्या नकाराला संधी दवडणे म्हणत होते, हे विसरता कामा नये.

बलवानाने रांग मोडली की इतर काय शिकतात, हे पुढच्या वीस वर्षांत दिसले. लिबियाने डिसेंबर २००३ मध्ये आपला अण्वस्त्र कार्यक्रम सोडला आणि २०११ मध्ये परदेशी विमानांच्या मदतीने गद्दाफींची राजवट उलथली. उत्तर कोरियाने २००३ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करार सोडला, २००६ मध्ये अणुस्फोट केला आणि त्याच्या राज्यकर्त्याशी पुढे अमेरिकेच्या अध्यक्षांनी हस्तांदोलन केले. इराणशी दीर्घ वाटाघाटी होऊन जुलै २०१५ मध्ये अणुकरार झाला. त्याने युरेनियमचे शुद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर रोखले होते आणि निरीक्षक ते तपासत होते. मे २०१८ मध्ये अमेरिका एका घोषणेने त्यातून बाहेर पडली. २०२१ मध्ये इराण ६० टक्क्यांपर्यंत पोहोचला आणि जून २०२५ मध्ये फोर्दो, नतान्झ व इस्फहान इथल्या त्याच्या अणुकेंद्रांवर अमेरिकेने हल्ले केले. लिबियाचे गद्दाफी, उत्तर कोरियाचे किम घराणे आणि इराणचे सत्ताधारी यांच्यापैकी कोणाच्याही कारभाराबद्दल मला आस्था नाही. पण एखाद्या मध्यम आकाराच्या देशाचा सल्लागार या तीन उदाहरणांवरून आपल्या सरकारला थांबण्याचा सल्ला देईल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

अधीरपणाने घडलेले अनर्थ नवे नाहीत. २३ जुलै १९१४ रोजी ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत दिली. उत्तर आले तेव्हा ऑस्ट्रियाच्या राजदूताने त्यावर नजर टाकली आणि अर्ध्या तासात बेलग्रेड सोडणारी गाडी पकडली, कारण सामान आधीच बांधलेले होते. जर्मन सम्राटाने तेच उत्तर २८ जुलैच्या सकाळी वाचले आणि आता युद्धाचे कारणच उरले नाही असा शेरा मारला, पण त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले आणि पहिले महायुद्ध पेटले. त्या घाईची किंमत युरोपानेच मोजली असे नाही. परदेशी आघाड्यांवर गेलेल्या दहा लाखांहून अधिक भारतीयांत आपल्याकडचे मराठा शिपाई होते, पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेली, आणि सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून इतके जवान गेले की गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला. व्हिएन्नातल्या ४८ तासांशी त्या घरांचा काय संबंध होता?

याउलट ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे असल्याचे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना १६ तारखेला कळले. सल्लागारांतल्या अनेकांचा पहिला कौल हवाई हल्ल्याचा होता. केनेडींनी ही गोष्ट २२ तारखेपर्यंत देशाला सांगितलीच नाही, सहा दिवस बंद दाराआड वाद होऊ दिला आणि अखेर नाकेबंदीचा मार्ग धरला. आजच्या काळात कोणत्या नेत्याला असे सहा दिवस मिळतील? त्या संकटानंतर १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्काची सोय झाली. ती दूरध्वनीची नव्हती, टेलिप्रिंटरची होती, कारण लिहिलेला मजकूर वाचायला, भाषांतर करायला आणि उत्तर विचारपूर्वक द्यायला वेळ मिळतो, असे दोन्ही बाजूंना वाटले. आता राष्ट्रप्रमुख रात्री मोबाईलवरून धमक्या प्रसिद्ध करतात आणि उजाडायच्या आत शेअरबाजार कोसळलेले असतात. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने जवळजवळ साऱ्या जगावर आयातशुल्क जाहीर केले, आठवड्याभरात बहुतेकांसाठी ९० दिवसांची स्थगिती दिली, आणि ऑगस्टअखेर भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात अमेरिकेसाठी हिऱ्यांचे दागिने घडवणाऱ्या कारागिराला त्या प्रत्येक बदलात आपली नोकरी आहे की गेली हे कळायला मार्ग नव्हता.

इथे आपला, म्हणजे नागरिकांचा, वाटा मान्य केला पाहिजे. युक्रेनचे युद्ध २४ तासांत थांबवीन असे सांगणारा उमेदवार निवडून येतो, कारण ते आश्वासन ऐकायला लोक उत्सुक असतात. तो सत्तेवर येऊन वर्ष उलटले तेव्हाही युद्ध चालूच होते, आणि २४ तासांचे काय झाले हे विचारणारे फार थोडे उरले होते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या रात्री आपल्या काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगून टाकले. बातमी खोटी निघाली. पहलगामच्या हत्याकांडाला लष्करी उत्तर द्यावे की नाही यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात, पण युद्धाच्या रात्री खरी बातमी येईपर्यंत थांबता न येणे हा मतभेदाचा विषय होऊ शकत नाही, कारण समोरच्या देशातही कोणीतरी तेच पडदे पाहून निर्णय घेत असतो.

मुंबईला या बाबतीत बोलण्याचा अधिकार आहे, असे मला फार मनापासून वाटते. २६ नोव्हेंबर २००८ नंतर या शहरात जो संताप होता, त्यात मीही होतो. १६६ माणसे मारली गेली होती आणि ताबडतोब हल्ला करा ही मागणी केवळ गर्दीची नव्हती. त्या वेळचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी पुढे लिहिले आहे, की तेव्हा त्यांचेही मत उघड प्रत्युत्तराचे होते आणि नंतर विचार करता सरकारचा संयम योग्य होता असे त्यांना वाटले. सरकारने पुरावे गोळा करून जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानच्या हाती दिले, आणि फेब्रुवारीत कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेला हे पाकिस्तानच्या गृहखात्याला जाहीरपणे कबूल करावे लागले. कसाबवर उघड न्यायालयात खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याला वकील मिळाला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. या कटातला आरोपी तहव्वूर राणा १० एप्रिल २०२५ रोजी भारताच्या ताब्यात आला, म्हणजे सोळा वर्षांहून अधिक काळानंतर. या मार्गाने सगळे साधले असे मी म्हणणार नाही. पाकिस्तानातले मुख्य सूत्रधार या खटल्यात शिक्षेवाचून राहिले, आणि ज्यांची माणसे गेली त्यांना ही गोष्ट पचवा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरी जगाने हा हल्ला कोणी केला याबद्दल आज शंका घेतलेली नाही, ती त्या संथ, चिवट कामामुळे. घाईघाईने टाकलेल्या बॉम्बने तेवढी निःशंकता मिळाली नसती, हे माझे ठाम मत आहे.

धीराची बाजू मांडताना एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे, आणि तो आक्षेप मला बाकी सर्वांपेक्षा वजनदार वाटतो. धीर धरा असे नेहमी कोणाला सांगितले जाते? १८ जानेवारी १९८२ रोजी संपावर गेलेल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांना सांगितले गेले, आणि त्यांच्यापैकी कित्येकांचे वारस घराच्या सोडतीची वाट अजून पाहत आहेत, तर गिरण्यांच्या जमिनींवरचे मनोरे कधीच उभे राहिले. कोकणातल्या माणसाला मुंबई-गोवा महामार्गाच्या बाबतीत सांगितले जाते. २०११ साली सुरू झालेल्या चौपदरीकरणाच्या पूर्ततेच्या तारखा त्याने इतक्या ऐकल्या आहेत, की गणपतीला गावी जाताना नवी तारीख कोणी ऐकतही नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये इस्रायलशी झालेल्या ऑस्लो करारात पॅलेस्टिनी जनतेला सांगितले गेले, की पाच वर्षांच्या मध्यंतरानंतर अंतिम तोडगा निघेल. ती मुदत १९९९ मध्ये संपली आणि तोडगा निघालाच नाही. हे थांबणे आणि मी ज्याची बाजू घेतो ते थांबणे एक नव्हे. ज्याला आपला क्रमांक माहीत नाही, मुदत माहीत नाही, आणि मुदत टळल्यावर जाब कोणाला विचारायचा हेही माहीत नाही, त्याला धीर शिकवणे म्हणजे त्याच्या हक्काची टोलवाटोलवी करणे होय. असा माणूस अखेर उसळतो, आणि मग त्याच्या उसळण्यालाच दोष दिला जातो. म्हणून घाई करणाऱ्या नेत्याइतकाच दिरंगाई करणारा नेताही मला या रोगाचा कारक वाटतो. किंबहुना दुसरा पहिल्यासाठी जमीन नांगरून ठेवतो.

मुदत लांबली तरी शब्द पाळला गेला, अशी उदाहरणे आपल्याच शेजारी आहेत. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवर एकमेकांच्या हद्दीत विखुरलेली, चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेली जमिनीची १६२ छोटी बेटे होती. त्यांतल्या माणसांना वीज, शाळा, रेशनकार्ड, मतदान यांपैकी काही धड मिळत नव्हते. इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांनी १६ मे १९७४ रोजी करार केला. शंभरावी घटनादुरुस्ती होऊन प्रत्यक्ष अदलाबदल झाली ती ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. एकेचाळीस वर्षे हा लाजिरवाणा विलंब होता आणि त्यात एक पिढी नागरिकत्वावाचून म्हातारी झाली. पण दोन्ही देशांत सरकारे बदलली, पक्ष बदलले, बांगलादेशात लष्करी राजवट येऊन गेली, तरी करार कोणी फाडून टाकला नाही, आणि हजारो लोकांच्या राष्ट्रीयत्वाचा प्रश्न एकही गोळी न झाडता सुटला. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ही बातमी जेमतेम दोन दिवस टिकली.

मोठ्या सत्तांनी मात्र उलटी वाट धरली आहे. अमेरिका आणि रशिया यांच्या दूर पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा जो शेवटचा करार उरला होता, त्याखाली दोन्हीकडचे निरीक्षक एकमेकांच्या तळांवर जाऊन मोजणी करीत असत. २०२० मध्ये महासाथीमुळे त्या भेटी थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. २०२३ मध्ये रशियाने आपला सहभाग स्थगित केला, आणि ५ फेब्रुवारी २०२६ रोजी कराराची मुदतच संपली. अशा प्रकारचा पहिला करार व्हायला नोव्हेंबर १९६९ ते मे १९७२ एवढा काळ लागला होता, तोही व्हिएतनामचे युद्ध पेटलेले असताना. तेवढी वर्षे टेबलापाशी बसायला तयार असलेले सरकार आज या दोन राजधान्यांपैकी एकीतही मला दिसत नाही, आणि तसे सरकार आणावे म्हणून मतदारांकडून रेटा येतो आहे असेही दिसत नाही.